मांडीवरचा की टेबलावरचा?

जुन्या लॅपटॉपची बॅटरी इतकी फुगली की टचपॅड वर उचलला गेला. नवं यंत्र घ्यायचं हे ठरलं. कोणतं, ते ठरेना. भाषांतराचं काम माझं, पैसे माझे, आणि मत न विचारलेली घरात मी एकटीच.

सासूबाईंचा कौल लॅपटॉपला. "पाहुणे आले की कपाटात तरी ढकलता येतो." डोंबिवलीच्या आमच्या फ्लॅटमधल्या एकमेव मोकळ्या भिंतीला कपडे वाळत घालायचा स्टँड टेकलेला असतो, तिथे डेस्कटॉपचं टेबल आलं तर तो कुठे जाणार? चिरंजीव डेस्कटॉपवाले. "अगं आई, तुझ्या भाषांतराला चांगलं ग्राफिक्स कार्ड लागतंच." ही काळजी परीक्षा संपल्यावरच का उफाळून आली, ते मी विचारलं नाही.

मग भाचा आला. मी म्हटलं, "दोन्हीत प्रोसेसर आय-फाइव्हच आहे ना रे? मग फरक कसला?"

"मामी, पातळ लॅपटॉपातला साधारण 15 वॉटवर चालतो, डेस्कटॉपमधला 65. नाव एक म्हणून तुमच्या मजल्यावरच्या दोन्ही कुलकर्ण्यांचा पगार सारखा आहे का?" वर त्याने सांगितलं, की कित्येक पातळ लॅपटॉपांत रॅम, म्हणजे मेमरी, बोर्डालाच सोल्डर केलेली असते, नंतर वाढवायची सोय नाही.

तरी माझं मन लॅपटॉपकडेच. वीज गेली तरी अर्धं वाक्य हातचं जात नाही. पण माझी मान दुखते. म्हणून स्क्रीन डोळ्यांसमोर यायला स्टँड हवा. स्टँडवर ठेवला की कीबोर्ड उंच जातो, म्हणून वेगळा कीबोर्ड. मग माऊस. अक्षर बारीक दिसतं, म्हणून मोठा मॉनिटर. नवऱ्याने बेरीज केली आणि शांतपणे म्हणाला, "म्हणजे आपण डेस्कटॉपच घेतोय. फक्त महागातला."

रविवारी दुकानं बंद, म्हणून शनिवारी वरात लॅमिंग्टन रोडला. (पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग आहे, पण कॉम्प्युटर घ्यायला त्या नावाच्या रस्त्यावर गेलेला माणूस मला अजून भेटायचाय.) बोर्ड, रॅम, फाइली साठवायला एसएसडी, आतल्या भागांना वीज पुरवायला एसएमपीएस, वीज गेली तर तग धरायला यूपीएस; दुकानदार कागदावर आकडे मांडत गेला. यूपीएस किती वेळ चालेल? "मॅडम, सेव्ह करून बंद करण्यापुरता."

चला, माझं वाक्य वाचलं. मी होकार दिला.

"हे सगळं बसवायला कॅबिनेट कोणतं देऊ?"

"काचेचं, आतून सात रंगांचे दिवे लागणारं!" चिरंजीव.

"सगळ्यात स्वस्त." नवरा.

व्हिडिओ कॉलवरून सासूबाई: "वरून सपाट बघा हो, दसऱ्याला हार घालायचाय."