अंतराळमालिका काढू इच्छिणाऱ्यांस हिताच्या चार गोष्टी

तर तुम्हाला अंतराळमालिका काढायची आहे, आणि ती पन्नास-साठ वर्षं चालावी अशी इच्छा आहे. उत्तम. परग्रहवासीयांचं व्याकरण, आकाशगंगेचा नकाशा, दोन हजार वर्षांचा काल्पनिक इतिहास असं जे काही वहीत लिहून आणलं असेल, ती वही आधी मिटा आणि हिशेबनिसाच्या हाती द्या. तो मागच्या कोऱ्या पानांवर आकडेमोड करील. मालिका त्या मागच्या पानांतून जन्माला येते.

विश्वास बसत नसेल तर 1966 चं ‘स्टार ट्रेक’ बघा. दर आठवड्याला नवा ग्रह, म्हणजे दर आठवड्याला एवढं अवाढव्य यान जमिनीवर टेकताना दाखवायचं. तेवढा पैसा कुणाकडे होता? मग ठरलं की माणसाचे अणू इकडे विस्कटायचे आणि तिकडे पुन्हा जुळवायचे. थोडा चमचमाट, थोडा आवाज, काम फत्ते. चाहते आजही वाद घालतात की पलीकडे उतरणारा माणूस तोच की त्याची नक्कल. घालू द्या. खर्च वाचवायला काढलेल्या युक्तीतून आत्म्याचा प्रश्न निघत असेल तर आपण अडवणारे कोण?

त्याच वर्षीच्या ‘द एनिमी विदिन’ या भागात ती अणू जुळवणारी यंत्रणा बिघडते. यानाचा एक अधिकारी सुलू आणि त्याचे सोबती ग्रहावर थंडीने काकडत मरणाच्या दारात पोचतात, आणि वर घिरट्या घालणाऱ्या एवढ्या हुशार मंडळींपैकी एकालाही छोटं यान पाठवून त्यांना उचलून आणावं असं सुचत नाही. सुचणार कसं? छोटं यान निर्मात्यांकडे अजून नव्हतंच. ते पडद्यावर आलं 1966 च्या नोव्हेंबरात. तेव्हा एखाद्या पात्राला साधी गोष्ट सुचली नाही तर त्याची अक्कल काढू नका, आधी गोदामात डोकवा.

नसलेल्या गोष्टीला मात्र भारदस्त नाव द्यायला विसरू नका. बीबीसीच्या ‘डॉक्टर हू’ मालिकेत ‘डॉक्टर’ म्हणवणारा नायक काळातून फिरतो; त्याचं कालयान दर ठिकाणी आसपासच्या वस्तूंसारखं रूप घेणार होतं. तसं करायचं तर दर गोष्टीसाठी नवं यान बांधायला हवं, आणि बजेट तर एका पोलीस बॉक्सपुरतंच, म्हणजे पोलिसांना फोन करायला रस्त्यात उभ्या केलेल्या निळ्या खोक्यापुरतंच. म्हणून 1963 मध्ये ते यान पोलीस बॉक्सच्या रूपात अडकलं ते अडकलंच. रूप बदलणारं सर्किट बिघडलंय म्हणे! पुढे रस्त्यांवरचे खरे पोलीस बॉक्स जवळजवळ नाहीसे झाले आणि ही निळी पेटी उरली. लंडनच्या पोलिसांनी तिच्या ट्रेडमार्कवर हरकत घेतली, तर 2002 मध्ये निकाल बीबीसीच्या बाजूने लागला. एक सर्किट दुरुस्त न केल्याचं केवढं हे फळ!

आता नटांकडे वळू. नट आजारी पडतात, थकतात, सोडून जातात, आणि हे सगळं ते संहितेला न विचारता करतात. घाबरू नका. ‘डॉक्टर हू’चे पहिले नायक विल्यम हार्टनेल यांना तब्येतीमुळे संवाद लक्षात ठेवणं जड जाऊ लागलं, तेव्हा इतर कुणी मालिका गुंडाळली असती. या मंडळींनी 1966 मध्ये जाहीर केलं की आमचा नायक मरायला टेकला की त्याचा चेहरामोहराच बदलतो. पॅट्रिक ट्रॉटन आले, मालिका चालू राहिली, आणि मधे काही वर्षं बंद पडूनही पुढे कित्येक दशकं चालली ती त्याच एका पळवाटेच्या जोरावर. अमरत्वाचा शोध ऋषिमुनींनी लावावा अशी आपली समजूत असते; इथे तो नट बदलायच्या निकडीतून लागला.

मधल्या फळीतल्या नटांसाठीही तोडगे आहेत. 1968 मध्ये ‘डॉक्टर हू’ची ‘द डॉमिनेटर्स’ ही कथा सहा भागांची होती ती पाचांत आटोपली, आणि एक भाग मोकळा राहिला. त्यासाठी सेट नाही, पैसे नाहीत. डेरिक शेर्विन यांनी काय केलं? पुढच्या ‘द माइंड रॉबर’ या कथेच्या सुरुवातीला पांढऱ्याफटक पोकळीत घडणारा भाग लिहिला. पोकळीला सेट लागत नाही. यंत्रमानवांचे पोशाख दुसऱ्या मालिकेतून आणून रंगवले. तेवढ्यात डॉक्टरचा साथीदार जेमी याचं काम करणारे फ्रेझर हाइन्स यांना कांजिण्या झाल्या. मग कथेत जेमीचा चेहरा पुसला जातो, डॉक्टर तो तुकडे जोडून पुन्हा बनवतो आणि चुकतो, म्हणून काही काळ जेमी दुसराच नट दिसतो. उपरोध क्षणभर बाजूला ठेवून सांगायचं तर ही त्या काळातली सगळ्यांत विलक्षण कथा आहे. भरपूर पैसे आणि धडधाकट नट मिळाले असते तर ती इतकी चांगली झाली असती का, याची मला दाट शंका आहे. पण हे निर्मात्यांच्या कानावर जाऊ देऊ नका. ते पुढच्या वर्षीही पैसे कापतील.

कापतातच म्हणा. 1969 मध्ये डॉक्टरला पृथ्वीवर हद्दपारीची शिक्षा झाली. कालस्वामींच्या, म्हणजे त्याच्याच जमातीच्या, कायद्याचा भंग केला, हे कागदोपत्री कारण. परग्रह बांधणं परवडत नव्हतं, हे खरं. पृथ्वी तयारच असते.

नायकालाच एका आठवड्यात दोन ठिकाणी चित्रीकरण असेल तर? त्याला एका कथेतून काढून टाका. नव्या ‘डॉक्टर हू’ला वर्षाला तेरा भाग आणि शिवाय नाताळचा खास भाग करायचा होता, वेळापत्रकात ते मावेना. म्हणून 2007 चा ‘ब्लिंक’ डॉक्टर जवळजवळ नसलेला भाग झाला. खलनायक म्हणून दगडी पुतळे, जे तुम्ही बघत असताना हलत नाहीत. कॅमेऱ्यासमोर हलायचंच नाही, अशी सोयीची राक्षसजात दुसरी नसेल. या भागाला विज्ञानकथांचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. नायकाने तो मनाला लावून घेऊ नये.

अभिनेत्री गरोदर असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला, तिला तीन महिने टेबलाआड उभं करायचं, हा भित्र्यांचा. दुसरा ‘द एक्स फाइल्स’ने 1994 मध्ये दाखवला. जिलियन अँडरसन यांच्या बाळंतपणासाठी त्यांच्या पात्राचं, स्कलीचं, अपहरण करवलं, आणि परतल्या परतल्या त्यांना बेशुद्ध रुग्ण म्हणून खाटेवर झोपवलं. मालिकेच्या पुढच्या कटकारस्थानांचा बराचसा डोलारा त्या प्रसूती रजेवर उभा आहे. ‘स्टार ट्रेक’च्याच घराण्यातल्या ‘डीप स्पेस नाइन’वाले आणखी पुढे गेले. नाना व्हिजिटर गरोदर होत्या, तर 1996 मध्ये दुसऱ्याच जोडप्याचं बाळ त्यांच्या पात्राच्या पोटात हलवलं. हलवणारा डॉक्टर ज्यांनी रंगवला, ते प्रत्यक्षात त्या बाळाचे वडील. इतकी काटेकोर पात्रनिवड क्वचितच जमते.

मालिका जुनी झाली की चाहते विसंगती मोजू लागतात. साठच्या दशकात ‘स्टार ट्रेक’मधल्या क्लिंगॉन या परग्रही जमातीच्या कपाळावर उंचवटे करायला पैसे नव्हते. 1979 च्या चित्रपटासाठी होते. एकाच जमातीची दोन कपाळं! यावर काय उत्तर द्यायचं? काहीही नाही. 1996 मध्ये ‘डीप स्पेस नाइन’मधल्या वॉर्फ या क्लिंगॉनला विचारलं तर तो म्हणाला, आम्ही बाहेरच्यांशी याविषयी बोलत नाही. तिथेच थांबायला हवं होतं. पण 2005 मध्ये कुणाला तरी राहवलं नाही आणि दोन भाग खर्चून एका विषाणूवर सगळं ढकललं. मेकअपच्या जुन्या बिलाला जनुकशास्त्राची पावती जोडायची घाई करू नका, एवढंच सांगतो.

वर्षअखेरीस तिजोरी रिकामी झाली तर नायकाच्या एका साथीदाराला बेशुद्ध पाडा आणि त्याला जुने भाग आठवू द्या. ‘स्टार ट्रेक’च्या ‘नेक्स्ट जनरेशन’ने 1989 मध्ये रायकरला असंच झोपवून दुसरं पर्व संपवलं. लोक चिडले, पण पर्व संपलं. मात्र त्यासाठी जुने भाग जपलेले हवेत. बीबीसीने फिती पुसून पुन्हा वापरल्या, आणि साठच्या दशकातल्या ‘डॉक्टर हू’चे नव्वदहून अधिक भाग त्यात गेले. आवाज उरला तो घरी टेप लावून बसलेल्या प्रेक्षकांमुळे. जतनाचा खर्च असा प्रेक्षकांवर टाकता आला तर जरूर टाका.

राहता राहिला शेवट. ‘बॅबिलॉन 5’ या अंतराळमालिकेचे कर्ते स्ट्राझिन्स्की पाच वर्षांची कथा आधीच आखून बसले होते, इतका पूर्वविचार केल्याची शिक्षा त्यांना मिळालीच. पहिल्या पर्वानंतर नायक बदलावा लागला. चौथं पर्व शेवटचं ठरणार असं वाटून त्यांनी पुढचं कथानक त्यातच कोंबलं आणि समारोपाचा भाग चित्रित करून टाकला. मग दुसऱ्या वाहिनीने पाचवं पर्व मंजूर केलं. तयार शेवट डब्यात ठेवून दिला, आणि तो वर्षभराने दाखवला. दरम्यान इव्हानोव्हाचं काम करणाऱ्या क्लॉडिया ख्रिश्चन मालिका सोडून गेल्या होत्या, त्यामुळे अख्ख्या पाचव्या पर्वात नसलेली इव्हानोव्हा शेवटच्या भागात सगळ्यांसोबत हजर. तुमच्या बाबतीत असं झालं आणि कुणी विचारलंच, तर ती मधली वर्षं दूरच्या मोहिमेवर होती म्हणून सांगा. मोहिमेचं नाव हिशेबनीस सुचवील.