शून्य शून्य शून्य शून्य

टॅली काउंटर म्हणजे हातात धरायचा क्लिकर, एकदा दाबला की आकडा एकानं वाढतो. त्याच्या बाजूला एक छोटा खुंटा असतो. तो फिरवला की चारही चाकं गरागरा फिरतात आणि 0000 वर येऊन थांबतात. ही माहिती त्या गृहस्थांना नव्हती. आता आहे.

स्थलांतर करणारे शिकारी पक्षी मोजायला डोंगराच्या धारेवर बसतात, कारण वारा उताराला आपटून वर उसळतो आणि त्या उसळीवर घारी, गरुड पंख न हलवता मैलोन्‌मैल जातात. त्यांचा प्रवास फुकटात होतो, मान आपली मोडते. दर तासाला तक्ता भरायचा: वाऱ्याची दिशा, ढग, किती लांबचं दिसतंय, निरीक्षक किती, जातवार आकडे. एकही पक्षी गेला नाही तर रकाना रिकामा सोडायचा नाही, 0 लिहायचा. रिकामा रकाना म्हणजे आपण झोपलो होतो. 0 म्हणजे आपण जागे होतो आणि पक्षी आले नाहीत.

गृहस्थ अकराच्या सुमाराला उगवले.

"विमान पडलंय का कुठे?"

"नाही. शिकारी पक्षी मोजतोय."

"कुणाचे?"

"कुणाचेच नाहीत."

"मग मोजता कशाला?"

या प्रश्नाचा मला राग येतो. 1934 साली रोझली एज या बाईंनी पेनसिल्व्हेनियातला हॉक माउंटन भाडेपट्ट्यानं घेतला आणि तिथली शिकार थांबवली. त्याआधी लोक त्या धारेवर बंदुका घेऊन बसायचे आणि वरून जाणारे ससाणे-बाज मजेखातर पाडायचे. त्यांना कुणी "पाडता कशाला?" असं विचारलं असेल का? मोजणाऱ्याला मात्र दर अर्ध्या तासाला हिशेब द्यावा लागतो.

"पण तीच घार फिरून परत येत नसेल कशावरून?"

प्रश्न चांगला होता, त्यामुळे आणखीच राग आला. मी समजावलं. समोरचं वाळकं झाड ते पलीकडचा सुळका अशी एक काल्पनिक रेषा धरायची. स्थलांतराच्या दिशेनं ती ओलांडेल तोच पक्षी धरायचा. उलटा गेला तर वजा. इथंच घिरट्या घालणाऱ्या स्थानिक घारी हिशेबात नाहीत.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे अंदाजेच."

मी दुर्बीण डोळ्यांना लावली. हा सभ्यपणे तोंड फिरवण्याचा प्रकार आहे.

"किती झाले?"

"या तासाचे 386."

"फक्त?"

इथं गप्प बसायला हवं होतं. पण मी सांगून बसलो की मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझला एका हंगामात 40 लाखांवर शिकारी पक्षी मोजले जातात.

"मग तिकडे जा ना."

तेवढ्यात दरीवर थर्मल, म्हणजे वर चढणारा गरम हवेचा झोत, धरून मोहोळ घारींचा भोवरा वर चढू लागला. फिरता भोवरा मोजायचा नसतो. पक्षी एकमेकांआड जातात, वरचे खाली दिसतात आणि दोन माणसांचे तीन आकडे येतात. दम धरायचा. गरम हवेचा जोर संपला की माथ्यावरून ते एकेक करून सुटतात आणि पंख आखडून सरळ घसरत रेषेकडे येतात. मोजायचं तेव्हा. थोडे असतील तर एकेक, फार असतील तर दहादहाचे गट. मी नजर न हलवता क्लिक, क्लिक करत राहिलो. आकडा डोक्यात ठेवावा लागत नाही हाच क्लिकरचा फायदा.

शेवटची घार गेली. भिंगावरचा घाम पुसायला क्लिकर दगडावर ठेवला. वेळ 11:52.

"हे काय असतं?" कर्र.

"बंद पडलं वाटतं," ते म्हणाले आणि क्लिकर माझ्या हातात दिला.

मनातल्या मनात मी बरंच बोललो. पन्नास होत्या? सत्तर? आठवणीतून भोवरा मोजला तर तो दरवेळी वाढतो. तक्त्यात 386 लिहिले आणि शेऱ्यात "शेवटच्या भोवऱ्याची नोंद गेली". कशी गेली, त्याला रकाना नाही.

दुपारी बाराला धार रिकामी वाटते. पक्षी असतात, पण गरम हवेवर इतके वर गेलेले की निळ्या आभाळात हरवतात. पांढरा ढग मागे असला तर ठिपका तरी दिसतो. निळ्यात आपल्याच डोळ्यांतले तरंगते कण गरुड वाटू लागतात. डोळा फिरवल्यावर ठिपकाही फिरला, तर तो गरुड आपल्या मालकीचा.

"ते बघा, तिथं वर."

"तुमच्या डोळ्यातला कण आहे तो," मी दुर्बीण न उचलता म्हणालो.

"फडफडतोय."

उचलली. टोकदार पंख, लांब शेपूट, घिरट्या नाहीत, वाऱ्याशी भांडत सरळ रेषेकडे. ससाणा. आणि यांनी तो नुसत्या डोळ्यांनी पकडलेला.

क्लिक. 0001.

"मोजलात ना?" ते म्हणाले. "मी दाखवला म्हणून."

एक वाजता तक्ता भरला. ससाणा: 1. ढग: नाहीत. पुढचा रकाना निरीक्षकांच्या संख्येचा. तो अचूक भरावा असा दंडक आहे, कारण डोळे वाढले की पक्षीही जास्त सापडतात. गृहस्थ शेजारी उभे राहून वाचत होते.

मी 1 लिहिला.