उभं राहण्याची ड्युटी

बावीस वर्षं फौजेत काढली, पण खरी कसोटी एका शाळेच्या मैदानावर लागली. १४ जानेवारी हा माजी सैनिकांचा दिवस. पहिले भारतीय लष्करप्रमुख फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली याच तारखेला निवृत्त झाले. शाळेला नेमकी संक्रांतीची सुट्टी. मग करिअप्पांना दोन दिवस आधीच निवृत्त करून कार्यक्रम बारा तारखेला उरकायचं ठरलं.

सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माझी ओळख ‘शत्रूच्या गोळ्या छातीवर झेललेले’ अशी करून दिली. मी आर्मी सर्व्हिस कोअरचा, सप्लायवाला. पीठ, डाळ आणि रॉकेलची आवक-जावक लिहिण्यात माझी जवानी गेली. छातीवर झेललं ते फक्त ऑडिट. चूक सुधारावी म्हणून हात वर केला, तर टाळ्याच सुरू झाल्या.

मग अध्यक्षांचं भाषण. ते रामायणापासून निघालं. पानिपतावर पोचायलाच अर्धा तास लागला. म्हणजे करिअप्पा यायला अजून जवळजवळ दोनशे वर्षं होती. पोरं उन्हात ‘सावधान’मध्ये उभी. (विश्राम म्हणायचं पीटीचे सर साफ विसरले होते.)

पहिल्या रांगेतला एक मुलगा डुलायला लागला. हे लक्षण मी ओळखतो. गुडघे आवळून ताठ उभं राहिलं की रक्त पायात साचतं, डोक्याला पुरत नाही आणि माणूस थेट तोंडावर येतो. रंगरूट असताना मी दोनदा आलोय. उस्ताद सांगायचे, बुटातल्या बुटात बोटं हलवत राहा, कुणाला दिसत नाही. मी त्याला खुणेनं माझे बूट दाखवले. त्याला वाटलं, आपली नाडी सुटलीय. तो खाली बसला. पाहुण्यांचा हुकूम समजून मागची अख्खी रांग बसली, मग शाळा बसली. पोरं सरसावून ऐकायला बसली असं वाटून अध्यक्षांनी पानिपत पुन्हा पहिल्यापासून लढायला घेतलं.

कार्यक्रम संपल्यावर तोच मुलगा जवळ आला. माझ्या पदकांवर बोट ठेवून म्हणाला, “हे कशाबद्दल?”

“नऊ वर्षं नोकरी केली म्हणून.”

“आणि हे?”

“वीस वर्षं केली म्हणून.”

“हे?”

“१५ ऑगस्ट १९९७ला नोकरीत होतो म्हणून. पन्नास वर्षं स्वातंत्र्याला झाली, पदक मला मिळालं.”

त्यानं जरा विचार केला आणि स्वेटर बाजूला सारून शर्टावरचा बिल्ला दाखवला. “मलापण आहे. पूर्ण हजेरीचा.”

आकारानं माझ्या तिन्हींपेक्षा मोठा होता.