कोकणात जाणाऱ्या सोलापूरकरांसाठी काही मोलाच्या सूचना

आपण सोलापूरकर समुद्रापासून इतके दूर राहतो की समुद्र दिसताच आपल्याला काही विशेष अधिकार आपोआप प्राप्त होतात, हे गेल्या फेब्रुवारीत आमच्या वसाहतीच्या सहलीत मला कळून चुकले. कुंभार्ली घाट उतरून दापोली आणि तेथून किनाऱ्याकिनाऱ्याने मालवण, असा बेत होता. परतल्यापासून माझा संताप काही उतरलेला नाही. म्हणून पुढे जाणाऱ्यांच्या सोयीसाठी, ज्येष्ठ सहप्रवाशांच्या आचरणातून उमगलेल्या या सूचना नम्रपणे सादर करीत आहे.

राहण्याची सोय घरगुती असावी, दर धर्मशाळेचा असावा आणि सरबराई मात्र पंचतारांकित असावी, असा आग्रह पहिल्याच दिवशी धरावा. घरच्या काकू पहाटेपासून आमच्या न्याहारीसाठी राबत असल्या, तरी ‘एवढ्या पैशांत आमच्याकडे अख्खी हुरडा पार्टी होते’ हे त्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणावे. सुरमई ताजी नाही, हे ज्वारीच्या कोठारात जन्म काढलेल्या माणसाने होडीवरून मासळी उतरवणाऱ्यालाच ठणकावून सांगावे.

रिकाम्या बाटल्या वाळूतच ठेवाव्यात; न्यायला भरती येतेच.

रत्नागिरी-राजापूरकडच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या कातळाच्या पठारांवर, हजारो वर्षांपूर्वी कोणीतरी जांभ्यात चित्रे कोरून ठेवली आहेत. ही कातळशिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत गेली. कशेळीचा हत्ती तर सुमारे १८ मीटर लांब आहे आणि त्याच्या अंगावर इतर प्राण्यांच्या कितीतरी आकृती आहेत. अशा ठिकाणी भोवती रचलेली दगडांची कड ओलांडावी आणि बुटांसह थेट हत्तीच्या पाठीवर उभे राहावे, कारण बाहेरून काढलेल्या छायाचित्रात आपण फारच लहान दिसतो.

कुडाळ-सावंतवाडीच्या बाजूला एखाद्या गावच्या जत्रेत दशावतार चालू असला, तर कलाप्रेमी म्हणून अवश्य थांबावे. ही मंडळी लिखित संहिता हाती न घेता, नुसत्या कथेच्या आधारावर पखवाज, पायपेटी आणि झांजेच्या साथीने रात्रभर रंगमंचावर संवाद रचतात आणि पहाटे दहीकाल्याने खेळ संपवतात. आपल्याला एवढा वेळ नसतो. म्हणून आमच्यातील एका रसिकाने केली तशी, ‘अर्ध्या तासात आटोपते घ्या आणि शेवटी एखादे सिनेमाचे गाणे होऊन जाऊ द्या’ अशी फर्माईश करावी. त्याआधी रंगपटात डोकावावे. तेथे स्त्रीभूमिका करणारा एक नट पेटाऱ्यावर टेकवलेल्या वीतभर आरशात बघून कुंकू रेखत होता. आमच्या मंडळींनी मोबाईलचा झगझगीत दिवा त्याच्या चेहऱ्याजवळ नेला आणि ‘ताई, इकडे बघा’ म्हणून हसून घेतले. त्याने रेघ पुसली आणि पुन्हा काढली, एवढेच. आपले शहर नाट्यवेडे म्हणून ओळखले जाते, ते उगीच नव्हे.

आता मुख्य सूचना. मोटार वाळूवर न्यावी. चारचाकी समुद्राच्या पाण्यात फिरवल्याचा व्हिडिओ नसेल, तर कोकणात गेल्याचा पुरावा काय? दापोली तालुक्यातील ज्या किनाऱ्यावर आम्ही उतरलो, तेथे वाहने खाली नेऊ नयेत असा फलक होता आणि त्या फलकावर आमच्याच कोणीतरी ओला टॉवेल वाळत घातला होता, त्यामुळे तो वाचण्याची अडचण उरली नाही. ‘का बे, घाल की खाली!’ अशी आरोळी झाली आणि पांढरी गाडी मर्यादवेल चिरडत खाली गेली. हीच वेल वाळू धरून ठेवते, पण तिला फुलदाणीत ठेवता येत नाही, तेव्हा ती गवतच. गाडी अर्थात रुतली. भरती चढू लागली, मालकांचा आवाजही चढू लागला, गावातली पोरे झावळ्या घेऊन धावत आली, शेवटी ट्रॅक्टर आला. आणि ट्रॅक्टरवाल्याने पैसे सांगताच ‘इथले लोक फार लुटारू’ असा निष्कर्ष निघाला.

त्या वाळूत काय असते, ते ऐकून घ्या. थंडीत ऑलिव्ह रिडले कासवाची मादी रात्री किनाऱ्यावर येते, हातभर खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते, तो बुजवते आणि निघून जाते. पिल्ले बाहेर यायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ मध्ये वेळासला संवर्धनाचे काम सुरू केले, आणि पुढे गावोगावचे कासवमित्र पहाटे किनारा पालथा घालून घरटी शोधू लागले, अंडी कुंपणात हलवू लागले. पण प्रत्येक घरटे सापडतेच असे नाही. न सापडलेल्यावरून तुमची दोन टनांची गाडी जाते. वाचलेले तळहातावर मावणारे पिल्लू उजेडाच्या रोखाने निघते. समुद्राकडे जायचे ते तुमच्या दिव्यांकडे वळते, नाहीतर तुमच्या चाकोरीत अडकते आणि कावळा ते उचलतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघाच्या बरोबरीने राखलेला हा प्राणी आहे, आणि तुम्ही त्याच्या डोक्यावर गाडी गोल गोल फिरवता!

उपरोध पुरे झाला. आपल्याला हे कळत नाही, असे मी मानायला तयार नाही. आपल्याच जिल्ह्यात नान्नजला १९७९ साली माळढोकासाठी अभयारण्य झाले. तो पक्षीही उघड्या जमिनीवरच अंडे घालतो, बहुधा एकच. आता तो नान्नजला दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. आपल्या दारचे राखता आले नाही, म्हणून दुसऱ्याच्या दारचे तुडवायला निघालात काय? तेथील माणसे तुमची नोकर नाहीत, नट तुमची करमणूक करायला बांधलेले नाहीत आणि किनारा म्हणजे रिकामे मैदान नव्हे. तेथे लोकांचे पोट आहे.

पुढच्या सुट्टीचा बेत गटात पुन्हा शिजतो आहे, गाडीही तीच आहे आणि कासवे बघायचीच असाही ठराव झाला आहे. गाडी सुरूच्या बनाच्या अलीकडे उभी करा आणि पायी खाली उतरा. तेवढे चालवत नसेल तर घरी बसा. मी या वेळी येणार नाही आणि वर्गणीही देणार नाही.