'तिथे ठेवलं की माणूस सहा महिन्यांत जातो' म्हणणाऱ्या मेसेजबद्दल

तो मेसेज परत फिरायला लागलाय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: आईवडिलांना असिस्टेड लिव्हिंगमध्ये, म्हणजे वयस्करांना स्वतःची खोली आणि रोजच्या कामांत मदत मिळते अशा जागी, ठेवलं की ते सहा महिन्यांत खचून जातात, तिथे गोळ्या देऊन गुंगीत ठेवतात, घरच्यासारखं कुणी करत नाही, आणि खरं कारण एवढंच की मुलांना जबाबदारी नको असते. माझी मावशी अशाच ठिकाणी राहते, तिला पार्किन्सन्स आहे, माझं तिथे सतत जाणंयेणं असतं, त्यामुळे हे वाचून गप्प बसवत नाही.

सहा महिन्यांपासूनच सुरुवात करूया. तिथे राहायला जातं कोण हे आधी बघा ना. धडधाकट माणूस सहसा जात नाही, दोनदा पडून झालेलं असतं, वजन उतरलेलं असतं, औषधांचा घोळ व्हायला लागलेला असतो किंवा जोडीदार नुकताच गेलेला असतो, आणि मग घरचे धावपळ करून जागा शोधतात. म्हणजे प्रकृती ढासळायला लागल्यावर माणूस तिथे पोचतो आणि पुढे जे काही होतं त्याचं खापर जागेवर फुटतं. तुलना करायचीच तर तेवढ्याच थकलेल्या, पण घरीच राहिलेल्या माणसांशी करा.

जागा बदलल्याचा त्रास होतो हे मात्र शंभर टक्के खरंय. सुरुवातीला झोप उडते, जेवण कमी होतं, स्मृतिभ्रंश असेल तर गोंधळ आणखी वाढतो. पण ज्याला जायचंय त्याला न विचारता, हॉस्पिटलमधून परस्पर नेऊन ठेवलं तर हा त्रास किती वाढत असेल याचा विचार करा. एलन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोघी मानसशास्त्रज्ञांचा १९७६ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे, अमेरिकेतल्या एका नर्सिंग होममधला (तिकडे नर्सिंग होम म्हणजे छोटं हॉस्पिटल नाही, वयस्कर आजारी माणसं कायमची राहतात ती शुश्रूषेची संस्था). एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं की खोली कशी लावायची, वेळ कसा घालवायचा ते तुम्ही ठरवा, आणि हे रोप घ्या, याची काळजीही तुम्हीच घ्या. दुसऱ्या मजल्यावर रोपं दिली पण पाणी नर्स घालतील असं सांगितलं. पहिल्या मजल्यावरचे लोक जास्त तरतरीत आणि खुश दिसले. प्रयोग लहान होता, त्यावरून आयुष्य वाढतं वगैरे मी म्हणणार नाही, पण स्वतःचं थोडंफार स्वतः ठरवता येणं माणसाला किती लागतं एवढं त्यातून दिसतं.

गुंगीच्या गोळ्या. हा मुद्दा उडवून लावण्यासारखा अजिबात नाही. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांना अँटीसायकॉटिक (भ्रम, आक्रमकपणा आवरायला देतात ती) औषधं दिली तर मृत्यूचा धोका वाढतो असा इशारा अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २००५ मध्येच त्या औषधांवर छापायला लावला. पण हा प्रश्न गोळी कोण लिहून देतं आणि तिच्यावर लक्ष कोण ठेवतं याचा आहे, इमारतीचा नाही. घरी राहणाऱ्या कितीतरी लोकांना तीन वेगवेगळ्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू असतात आणि त्या सगळ्या एकत्र ठेवून कुणीच बघितलेल्या नसतात! शिवाय वयस्कर माणूस अचानक सुस्त झाला, असंबद्ध बोलायला लागला तर गोळीचाच संशय घेऊन थांबू नका, लघवीचा संसर्ग असू शकतो, पाणी कमी पडलेलं असू शकतं (वयानुसार तहान लागणंच कमी होतं), लगेच डॉक्टरांना दाखवा. मावशीच्या बाबतीत तर उलटंच आहे, तिची पार्किन्सन्सची गोळी वेळेवर मिळाली नाही तर अंग आखडतं, खुर्चीतून उठता येत नाही, त्यामुळे तिथे गोळी घड्याळाच्या ठोक्याला येते की नाही हेच आम्ही सगळ्यात आधी बघितलं होतं.

घरच्यासारखं कुणी करत नाही म्हणे. करणं म्हणजे नेमकं काय? सिडनी कॅट्झ या डॉक्टरांनी १९६३ मध्ये त्यासाठी सहा गोष्टींची मोजपट्टी मांडली, ती आजही वापरतात: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, पलंगावरून खुर्चीत येणं, लघवी-शौचावर ताबा, स्वतःच्या हाताने जेवणं. यातल्या प्रत्येक गोष्टीत प्रेमाइतकंच कौशल्य लागतं. मावशीला सकाळी उठवतात तेव्हा आधी पलंगाच्या कडेला पाय खाली सोडून बसवतात, थोडा वेळ तसंच, कारण एकदम उभं केलं की बीपी पडून चक्कर येते, मग कंबरेला पट्टा बांधून त्याला धरून उभं करतात, दंडाला धरून ओढत नाहीत. ब्लाउजची बटणं ती स्वतः लावते. तिला भयंकर वेळ लागतो, बोटं थरथरतात, आणि मदतनीस ताई शेजारी नुसत्या उभ्या असतात, हात मागे घेऊन. आपण घरचे असतो ना, तर दोन मिनिटांत सगळी बटणं लावून मोकळे झालो असतो, प्रेमानेच, आणि महिनाभरात तिची बटणं लावायची सवय मोडली असती.

आणि घर म्हणजे आपोआप सुरक्षित हेही गृहीत धरू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे साठीपुढच्या दर सहा जणांपैकी एकाला वर्षभरात समाजात वावरताना, म्हणजे संस्थेच्या बाहेरच, कुठल्या ना कुठल्या प्रकारचा छळ सोसावा लागतो. त्याच संघटनेने संस्थांबद्दलही लिहिलंय की तिथल्या दर तीन कर्मचाऱ्यांपैकी दोघांनी वर्षभरात असं काहीतरी केल्याचं स्वतः मान्य केलं. हा आकडा भयानकच आहे आणि म्हणूनच डोळे मिटून कुठेही ठेवा असं मी म्हणत नाहीये.

मुलांना जबाबदारी नको, हे वाक्य लिहिणाऱ्याने रात्री तीन वेळा उठून कुणाला तरी संडासला नेलंय का, मला खरंच विचारायचंय. घरचा माणूस म्हणजे बहुतेक वेळा एकच बाई असते, नाहीतर पंचाहत्तरीचा जोडीदार, ज्याची स्वतःची कंबर गेलेली असते. दोघं मिळून पडतात मग.

अजून एक, मेसेजसोबतच्या फोटोत लोखंडी पलंगांची रांग आहे. ते असिस्टेड लिव्हिंग नाहीच. ही कल्पनाच मुळात तसल्या रांगांना कंटाळून आली. केरन ब्राऊन विल्सन या बाईंची आई पंचावन्नाव्या वर्षीच स्ट्रोक येऊन नर्सिंग होममध्ये अडकली होती, आणि त्यातून त्यांनी १९८३ मध्ये अमेरिकेत पोर्टलंडला अशी जागा सुरू केली जिथे प्रत्येकाला स्वतःचं घर आणि आतून कुलूप लावता येईल असं दार होतं, राहणारे पेशंट नव्हते तर भाडेकरू होते.

मर्यादा आहेतच. हे हॉस्पिटल नाही, बऱ्याच ठिकाणी रात्री नर्स नसते. तेव्हा ठरवताना रात्री ड्युटीवर किती जण असतात ते विचारा, बेल दाबल्यावर किती वेळात माणूस येतो ते स्वतः दाबून बघा, आणि करारात तब्येत आणखी बिघडली तर ठेवणार की घेऊन जा म्हणणार हे लिहिलेलं कलम शोधा, ते अनेकदा अगदी शेवटच्या पानांवर असतं. जमलं तर आधी थोडे दिवस राहून बघायची सोय आहे का विचारा, आणि तिथून परतल्यावर ज्याला राहायचंय त्याचं उत्तर नाही असेल तर ते नाही धरा, दुसरी जागा बघा.