बडी असामी आणि रोखीचं गिऱ्हाईक

लग्नसराईत जळगावच्या कापडदुकानात शिरणं म्हणजे तोंडी परीक्षा, आणि निकाल पायरीवरच लागतो. गल्ल्यावरचे शेठ आधी आपल्यामागे कोणती गाडी उभी आहे ते बघतात. आम्ही रिक्षातून उतरतो, म्हणून खालचा मजला. चारचाकीवाल्यांना मात्र "या दादासाहेब, वर बसा!" वर पांढरी गादी, लोड, थंड बाटली. आम्हाला पाणी, तेही मागितल्यावर.

अशा गिऱ्हाइकांसाठी इंग्रजीत जुना शब्द आहे, 'कॅरिज ट्रेड'. कॅरिज म्हणजे घोडागाडी. घोडे, तबेला, गाडीवान हा सगळा खर्च झेपणारे थोडेच, त्यामुळे दारात बग्गी थांबली की दुकानदाराला आणखी चौकशी लागत नसे. कित्येकदा बाईसाहेब खाली उतरतही नसत. नोकर माल बाहेर नेऊन दाखवी. पुढे बग्ग्या गेल्या, मोटारी आल्या, शब्द तसाच राहिला. (खानदेशात हाच हिशेब दमणीवर झाला असता. बैलांच्या अंगावरची झूल बघून शेठनी लोड झटकला असता.)

आपल्याकडे म्हणतात 'बडी असामी'. असामी अरबीतून आला. मूळ अर्थ 'नावं'. महसुलाच्या आणि सावकारीच्या कागदांत त्याचा अर्थ झाला कूळ, ऋणको. म्हणजे बडी असामी कोण, तर जिचं वहीत नाव आहे ती! बग्गीवालेही काही रोख मोजत नसत. विलायतेतल्या उमरावांची बिलं महिनोन्महिने थकायची, म्हणून दुकानदार त्या थकबाकीची भरपाई आधीच भावात घालून ठेवायचे.

वरच्या मजल्यावर आजही तेच. "खात्यावर टाका, केळीचा माल गेला की देतो." माल जातो. मग कापूस विकला की, मग आखाजीला, मग पोळ्याला.

खाली आमची लढाई रोखीची. साडी साडेपाच मीटर, ब्लाउजपीस धरून सव्वासहाच्या आसपास. पण भाव मीटरवर नसतो, चिठ्ठीवर असतो आणि तिथं आकड्यांऐवजी अक्षरं असतात. दुकानाचा एक गुप्त शब्द असतो, दहा अक्षरांचा, एकही अक्षर दोनदा न येणारा. एकेक अक्षर म्हणजे एकेक आकडा. त्यात खरेदीची किंमत लिहिलेली असते. सेल्समन ती वाचतो, छताकडे बघतो आणि मग भाव सांगतो. जे काही वाढतं ते छताकडे बघताना.

उतारासाठी उठून चपलांपर्यंत जावं लागतं. एक पाय चपलेत गेल्याशिवाय भाव हलत नाही. दोन्ही गेले तर कोणी हाक मारत नाही. अंदाज चुकला की स्वतःच परत यायचं, आणि मग पहिलाच भाव द्यावा लागतो.

शेवटी नोटा मोजून गल्ल्यावर ठेवाव्यात, तर शेठ वरही न बघता विचारतात, "सुटे नाहीत का, भो?"

तेवढ्यात जिन्यावरून दादासाहेब उतरतात. मागून पोऱ्या सात पिशव्या घेऊन गाडीपर्यंत जातो. शेठ सुटे तसेच सोडून दार धरायला उठलेले असतात.