गर्दी ओसरल्यानंतरचे दिवस

मोठ्या क्रीडास्पर्धांच्या काळात आत्महत्या घटतात, हे एका लेखात वाचलेले विधान मला पटते. पण ते अपुरे वाटते. माणूस समाजाशी जितका घट्ट बांधलेला असतो तितका तो आत्महत्येपासून दूर राहतो, असे फ्रेंच समाजशास्त्रज्ञ एमिल द्युरखेम यांनी १८९७ साली मांडले होते, आणि १९९८ चा फुटबॉल विश्वचषक फ्रान्समध्ये भरला त्या महिनाभरात तेथील आत्महत्या सुमारे १० टक्क्यांनी कमी झाल्याचे संशोधकांना पुढे आढळले. २ एप्रिल २०११ च्या रात्री वानखेडेवरील क्रिकेट विश्वचषकाच्या विजयानंतर मरीन ड्राइव्हवर अनोळखी माणसांना ज्यांनी मिठ्या मारल्या, त्यांना हे आकड्यांवाचूनही समजेल.

माझी काळजी त्यानंतरच्या दिवसांची आहे. युरोपातील एका अभ्यासात मोठ्या सणांपूर्वी घटलेले आत्महत्येचे प्रयत्न सण सरताच वाढलेले दिसले. लालबाग-गिरगावात दहा दिवस मंडपात राबणारा, सतत चार माणसांत असणारा कार्यकर्ता अनंत चतुर्दशीनंतर आपल्या खोलीत परततो, तेव्हा त्याची विचारपूस कोण करतो? आणि मिरवणुकीचा ढोल खिडकीतून ऐकत जो एकटाच बसून असतो, त्याला तर इतरांचा आनंद अधिकच टोचत असेल.

मंडळांनी आणि क्रिकेट क्लबांनी टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक फलकावर ठळक लावावा, आणि तो विसर्जनानंतरही उतरवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ही शासकीय सेवा विनामूल्य असून तेथे चोवीस तास, मराठीतूनही बोलता येते.